हयातीपुरता कढीपत्ता

माझ्या नवऱ्याचं म्हणणं असं, की मी भांडायला उठले की फायदा समोरच्याचाच होतो. हे तो चारचौघांत सांगतो, वर हसतो, आणि मी ऐकून घेते. कारण हवल्लीतल्या आमच्या बिल्डिंगच्या अंगणात त्याचा पुरावा उभा आहे. पहिल्या मजल्याच्या खिडकीला टेकलेला, हिरवागार, आणि त्याच्यापायी आमची गाडी दिवसभर उन्हात.

कढीपत्त्याचं झाड आहे ते. कुवेतमध्ये कढीपत्ता कुंडीतसुद्धा रडतखडत जगतो, आणि हे जमिनीत वाढलेलं झाड. लावलं तळमजल्यावरच्या ताईंनी. ताई म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाई, मूळच्या लातूरच्या. यजमान घर बांधायला म्हणून पुढे लातूरला गेले, त्या इथेच ड्यूट्या करत राहिल्या. त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर बिल्डिंगचं मागचं अंगण. अंगण म्हणजे काय, वाळू, दोन मोडकी कपाटं आणि मांजरं. सगळ्या मजल्यांच्या एसीच्या नळ्या तिथे उतरतात आणि उन्हाळ्यात टपटप गळत असतात. ताईंनी एका फुटक्या पाइपाची पन्हाळ करून ते सगळं पाणी एका जागी वळवलं आणि तिथे गावाहून आणलेलं रोप खोचलं. सहा मजल्यांच्या एसीवर पोसलेलं झाड ते. फुगणार नाही तर काय!

दुकानात मिळतो तो कढीपत्ता विमानातून येतो आणि पोचेपर्यंत काळा पडतो. त्यामुळे संध्याकाळ झाली की आमच्या बिल्डिंगमधलं कोणी ना कोणी ताईंच्या खिडकीशी उभं असायचंच. सांबारवाले, उपमावाले, पोहेवाले. दुसऱ्या मजल्यावरचे केरळी काका तर हक्कानं यायचे.

"झाड आमच्या एसीच्या पाण्यावर वाढलंय," ते हिंदीत म्हणायचे. "माझा त्यात हिस्सा आहे."

आता हिस्सा हा शब्द कानावर पडल्यावर मी गप्प बसेन होय? मी पुण्यात लॉ कॉलेजात मालमत्तेचा कायदा शिकवायची, मुळात इंग्रजांचाच. अजूनही दुपारी इथून स्क्रीनवर तिथल्या मुलांना शिकवते. मी काकांना समजावलं, की असा सामायिक हिस्सा असेलच, तर तो अविभक्त असतो. अमकी फांदी तुमची, तमकी आमची, असं नसतं. पानापानात सगळ्यांचा वाटा.

"म्हणजे मी कुठलंही पान तोडू शकतो?" काकांचे डोळे चमकले.

"शेंड्याचं एकबी तोडायचं न्हाई!" खिडकीतून ताई गरजल्या. "ह्या वकीलीणबाई काय बी सांगतेत. खालची जून पानं घ्यायची आन् निघायचं."

मला त्या वकीलीणबाईच म्हणायच्या. मी कोर्टाची पायरी कधी चढले नाही, हे त्यांना शंभरदा सांगून झालं होतं.

पण त्या झाडाचा मला माझ्या शिकवण्यात फार उपयोग व्हायचा, हे कबूल केलं पाहिजे. मालकी म्हणजे एक सबंध गोळा असतो असं मुलांना वाटतं. मी कॅमेऱ्यासमोर एक डहाळी धरायची. म्हणायची, ही पूर्ण मालकी. राहण्याचा हक्क हे एक पान, विकण्याचा हे दुसरं, भाडं खाण्याचा हे तिसरं. एक पान ठरावीक मुदतीसाठी काढून दिलं, की झाला भाडेपट्टा. घर पुतण्याला द्यायचंय, पण आत्याला म्हटलं तू जिवंत आहेस तोवर इथे रहा, तर आत्याचा झाला हयातीपुरता हक्क. तिचा श्वास चालू तोवर घर तिचं, पुतण्यानं बाहेर वाट बघायची. आणि दुसऱ्याच्या जमिनीत जाऊन काही तोडून आणायचा, गवत, लाकूड, फळं, हासुद्धा एक वेगळा हक्क असतो. जमीन आपली नसली तरी चालतं. तास संपला की डहाळी वरणात. मुलीनं एकदा मागून येऊन विचारलं, "मॉम, आर यू टीचिंग लॉ ऑर कुकिंग?" वर्गातली मुलं अजून त्यावर हसतात.

तर सगळं असं छान चाललेलं असताना बिल्डिंग विकली गेली. जुन्या मालकाला आम्ही कधी पाहिलंच नव्हतं. नवा मात्र एका शुक्रवारी सकाळी स्वतः आला. पन्नाशीचा, पांढराशुभ्र दिशदाशा, म्हणजे अरबी पायघोळ झगा घातलेला, शर्कच्या व्यापारी भागात ऑफिस असलेला, इंग्लंडमध्ये शिकून आलेला शांत माणूस. बरोबर टेप घेऊन कंत्राटदार. थोड्या वेळानं आमचा हारिस, म्हणजे बिल्डिंगचा इजिप्शियन रखवालदार, दारोदार सांगत आला. अंगणात सिमेंट घालून पार्किंग करणार. ज्याचं जे सामान असेल ते ईदच्या आत उचला. कपाटं, कुंड्या. आणि तळमजल्याच्या मॅडमनी आपलं झाड.

ताई तडक माझ्या दारात आल्या. रात्रपाळी करून आल्या होत्या, युनिफॉर्मसुद्धा बदलला नव्हता.

"वकीलीणबाई, आता तुमचा कायदा काढा भायेर," त्या म्हणाल्या. "मला त्येच्याम्होरं बोलता न्हाई यायचं. मला रडूच येईल."

त्यांना रडू येईल म्हटल्यावर माझं डोकंच फिरलं. मी जुना काळा कोट शोधायला कपाट उघडलं होतं, नवऱ्यानं हाताला धरून थांबवलं. मी तशीच खाली गेले. मालक अंगणात उभे राहून झाडाकडे बघत होते. मी इंग्रजीत सुरुवात केली, आणि बाई गं, काय बोलले मी त्या दिवशी! वर्गातसुद्धा इतकं बरं कधी बोलले नसेन. सबंध अंगण ऐकत होतं. हारिस, कंत्राटदार, काका, मांजरं.

"तुम्ही यांना झाड उचलायला सांगूच शकत नाही," मी म्हणाले. "कुंडी असती तर गोष्ट वेगळी. कुंडी भाडेकरूची, ती त्यानं न्यायची. पण झाडानं एकदा जमिनीत मूळ धरलं, की ते जमिनीचा भाग होतं. भाडेकरूला ते उपटायचा अधिकारच उरत नाही. मग जे करायचा त्यांना अधिकार नाही, ते तुम्ही त्यांना करायला कसं सांगता?"

मागे ताईंनी काकांना कोपरानं ढोसलं. बघा आमची बाई, असं.

मालकांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं. "म्हणजे हे झाड या मॅडमचं नाही?"

"अजिबात नाही!" मी ठासून सांगितलं.

"मग कोणाचं?"

"ज्याची जमीन असेल त्या—" एवढं बोलले मात्र. आपण काय करून बसलोय ते मला तेव्हा कळलं. पण वाक्य सुरू झालं होतं, ते संपवणं भाग होतं. "त्याचं," मी म्हणाले.

"म्हणजे माझं."

"हो."

"मुळं, फांद्या, सगळं?"

"सगळं."

"मी समजत होतो हे त्यांचं आहे. म्हणून तर त्यांना सांगितलं, की बाबा तुमचं तुम्ही घेऊन जा." त्यांचा आवाज अगदी सज्जन होता, तेच तर वाईट. "माझंच असेल तर मग कुणाला विचारायचा प्रश्नच नाही. शुक्रन, मॅडम. तुम्ही फार छान समजावून सांगितलंत."

कंत्राटदारानं टेप गुंडाळला. ईद झाली की काम सुरू, असं त्यांचं ठरलं आणि ते गेले. ताई माझ्याकडे बघत होत्या.

"झालं का बोलून?" एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या.

वर आल्यावर नवऱ्यानं चहा पुढे केला आणि हळूच विचारलं, "अगं, पण इथे तो इंग्रजांचा कायदा लागू तरी होतो का?"

"नाही," मी म्हणाले.

तो हसायला लागला. मग माझं तोंड बघून थांबला, आणि मग पुन्हा हसायला लागला. मला इतकी लाज वाटत होती, की रागावतासुद्धा येईना. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतात हे ऐकलं होतं, मी ताईंच्या पायावर मारला होता.

संध्याकाळी मी खाली गेले. ताई वरण फोडणीला टाकत होत्या. मोहरी, जिरं, हिंग. खिडकीबाहेर हात लांबवला की झाड, पण हात लांबवला नाही.

"ताई, पानं?"

"परक्याच्या झाडाला कशाला हात लावायचा?" म्हणाल्या. मग गॅस बारीक केला. "एक सांगू का? उन्हाळ्यात म्या रिटायर होऊन जायलेय. येवढी वर्षं ह्या देशात काढली. घर दुसऱ्याचं, नोकरीचा करार दुसऱ्याच्या मर्जीचा, दवाखाना सरकारचा. आपल्याला हितं हातभर जमीन घेता येत न्हाई, ते म्हाईत हाय मला, त्येचं काय न्हाई. पर येवढं एक झाड म्या माज्या हातानं मातीत लावलेलं. म्या गेल्यावर कुणीतरी म्हणंल, लातूरच्या नर्सबाईचं झाड हाय हे. तेवढंच वाटत हुतं."

मी त्यांच्या स्वयंपाकघरात उभी राहून रडले. त्यांनीच मला पाणी दिलं. बिनकढीपत्त्याचं वरणही खायला लावलं. वाईट लागत होतं.

दोन-चार दिवस गेले, रमजान सुरू झाला, आणि एका सकाळी ताई पुन्हा माझ्या दारात. या खेपेला चेहरा वेगळाच. आमची मुलगी खोडी काढायच्या आधी असा चेहरा करते.

"मालक हाय न्हवं त्यो?"

"आहे," मी म्हणाले.

"मग मालकाला इचारल्याबिगर एक पान न्हाई तोडायचं. कुनीच. सहाच्या सहा मजल्यांनी. घ्या तुमचा फोन."

भाड्याच्या निमित्तानं मालकांचा नंबर सगळ्यांकडे होताच. पहिला मेसेज मीच लिहून दिला, ताईंच्या फोनवरून. आदरणीय सर, आज रात्री वरणाला आपल्या झाडाची एक डहाळी हवी आहे, कृपया परवानगी द्यावी. ताईंचा एक नियम मात्र कडक होता. माणसाचा रोजा असतो, दिवसा त्याला फोडणीचं काही कळवायचं नाही. इफ्तार झाल्यावरच काय ते. त्यामुळे व्हायचं असं, की सूर्य मावळायचा, तो बिचारा खजूर तोंडात घालायचा, आणि त्याचा फोन वाजायला लागायचा. काकांना सांबाराला सहा पानं. चौथ्या मजल्यावर चटणी. तिसऱ्या मजल्यावर पाहुणे आहेत, तर जरा जास्त. आमचा उपमा.

आधी उत्तर यायचं, ओके. मग नुसता अंगठा. मग मला थेट मेसेज आला. मॅडम, मी सर्वांना कायमची परवानगी देतो, कृपया विचारू नका.

ताईंनी तो वाचून घेतला. "ह्येच्यात काय खोट हाय?"

"खोट अशी नाही," मी म्हणाले. "पण अशी परवानगी कधीही मागे घेता येते. उद्या त्यांचं मन फिरलं की संपली."

"मग नगं. कळवा तसं."

मी कळवलं. आपली उदारता मोठी आहे, परंतु परवानगी हा हक्क नव्हे, त्यामुळे आम्ही रोज विचारणंच योग्य समजतो. नवरा म्हणाला, तू या माणसाला वेड लावणार, आणि तो आपलं भाडं वाढवणार. मलाही धाकधूक होतीच. पण ताई जेवायला लागल्या होत्या पुन्हा, फोडणीत पानं पडत होती.

मग एका संध्याकाळी, इफ्तार झाल्यावर, मालक स्वतःच आले. एकटे. झाडाखाली उभे राहून त्यांनी एक पान तोडलं, चुरगाळलं, वास घेतला.

"याच्यात एवढं आहे तरी काय?" त्यांनी विचारलं.

ताईंनी खुर्ची आणली आणि वाडग्यात गरम कढी. मी म्हटलं, तुमचं लबन, म्हणजे ताकच समजा, फक्त तापवून फोडणी दिलेलं. ते प्याले. पानं चमच्यानं काढून बशीच्या कडेला ठेवली, आपण सगळे ठेवतो तशी.

"त्ये कुनासाठी ठेवलं?" ताई मराठीतच ओरडल्या. "चावून खावा! आपल्याच झाडाची हायेत!"

मी भाषांतर केलं. मालकांनी ती पानं चावून खाल्ली आणि वाडगं पुढे केलं. दुसऱ्यांदा कढी. मग म्हणाले, "आता माझ्या लक्षात आलं. माझ्या एवढ्या इमारती आहेत. लोक मला फोन करतात ते लिफ्ट बंद पडली म्हणून, पाणी गळतं म्हणून. माझ्याकडे काही चांगलं आहे आणि ते थोडं मिळेल का, असं विचारायला मला आजवर कोणी फोन केला नव्हता. परवा कोणी चटणीसाठी विचारलं होतं. चटणी कशी झाली?"

चौथ्या मजल्यावरून चटणी खाली आली. काकांचं सांबार आलं. माणूस घरून पोटभर इफ्तार करून आला होता, तरी बसला खात. हारिस हसून हसून दमला.

ईदनंतर कंत्राटदार आला. सिमेंट घातलं, पट्टे मारले, आणि झाडाभोवती गोल कट्टा बांधला. त्या कट्ट्यात एक पार्किंग गेलं. कोणाचं, ते सांगायला नकोच. "झाड वाचलं आणि माझी गाडी भाजली," असं नवरा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो. एगैला भागात मॉलशेजारी राहणारे आमचे मित्र म्हणतात, या इकडे, बेसमेंट पार्किंग मिळेल. तो जात नाही. पोह्यांत पानं कमी पडली तर त्यालाच चालत नाही.

झाड राहिलं. पण ते मालकांचंच राहिलं, आणि ताईंचा जायचा दिवस आला. त्या सकाळी बॅगा अंगणात. ताई झाडाच्या बुंध्यावरून हात फिरवत उभ्या होत्या. विमानतळाला जायला आमचीच गाडी निघणार होती, तेवढ्यात मालक आले. सरळ माझ्याकडे वळले.

"मॅडम, तुम्ही त्या दिवशी मला सांगितलंत की मी मालक आहे. मी नंतर वाचलं थोडं. तुमच्या त्या कायद्यात एखादी गोष्ट एखाद्याची त्याच्या आयुष्यापुरती असू शकते ना?"

"असू शकते," मी म्हणाले.

"ती व्यक्ती दुसऱ्या देशात असली तरी?"

"जिवंत असली म्हणजे झालं. कुठेही असो."

"मग यांना सांगा. जमीन माझी, झाड माझं. पण पानं यांची, या आहेत तोवर. यापुढे ज्याला पान हवं, त्यानं यांना विचारायचं. मला नाही." मग पुन्हा, "मला खरंच नाही. हात जोडतो."

मी भाषांतर करायला वळले, पण ताईंना समजलं होतं. दवाखान्यातलं इंग्रजी त्यांना चांगलं येतं, माझ्यापुढे उगाच वेड पांघरतात. डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "लिहून न्हाई का द्यायाचं?"

"तोंडीच," मी म्हणाले. "आणि इथे हा कायदा लागूही नाही, ताई."

"मग तर लई बेस," म्हणाल्या आणि गाडीत बसल्या.

तेव्हापासून आमच्या बिल्डिंगच्या फोडण्या लातूरहून सुटतात. संध्याकाळी ग्रुपवर एकेक जण विचारतो आणि ताई उत्तर देतात. काकांना, सहा न्हाई, चार. मला, खालच्या फांदीची घ्या, पाणी घातलं का आधी? एसी बंद ठेवणाऱ्यांना त्या पानं देत नाहीत. परवा मालकांचाच मेसेज आला. त्यांच्या घरच्या आचाऱ्याला कढी शिकायची आहे, दोन डहाळ्या मिळतील का. ताईंनी अख्खा दिवस लावला आणि मग लिहिलं, विचार करून सांगते.

मागच्या महिन्यात दोन संध्याकाळी त्यांचं उत्तरच आलं नाही. कोणी पानाला हात लावला नाही. काका अंगणात येरझारा घालत होते, चौथ्या मजल्यावर चटणी खोळंबली, मालकांनी मला फोन करून विचारलं, मॅडम, सगळं ठीक आहे ना? मी गॅस बंद करून फोन हातात धरून बसले होते. मुलांना मी वर्षानुवर्षं शिकवत आले, हक्क श्वास चालू तोवर, पुढे संपला, आणि ते वाक्य मला आठवायलासुद्धा नको वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. ताईंच्या गुडघ्याचं काहीतरी होतं, दवाखान्यात होत्या, फोन घरी राहिला.

"किती पाहिजेत?" त्यांनी विचारलं.

मी आधी डोळे पुसले.

"आगं, किती पाहिजेत पानं? बोल की!"

"चार," मी म्हणाले.

"तीन घे," ताई म्हणाल्या.